पाठीचं अस्तर

"हात वर करा, काका. आता पुढे वाका. अजून थोडं. हँडल धरल्यासारखं."

दुकानाच्या मधोमध स्टँडवर एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर बसून आमचे हे पुढे वाकले होते. अंगात काळा, पूर्ण बाह्यांचा, कातडीला चिकटलेला इनर, म्हणजे जॅकेटच्या आत घालायचा सदरा. पोट दिसत होतं, बरगड्या दिसत होत्या, लहानपणी झाडावरून पडून वाकडं झालेलं खांद्याचं हाडसुद्धा दिसत होतं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी इतक्या लख्ख उजेडात कधी पाहिलं नव्हतं.

"एक नंबर मोठा द्या," मी म्हटलं.

"नाही मावशी, हाच बरोबर आहे," दुकानातली मुलगी म्हणाली. तिशीची असेल. बारीक कापलेले केस, कोपरावर खरचटल्याची जुनी खूण. स्वतः गाडी चालवत असणार.

"अगं बाई, श्वास तरी घेता येतोय का त्यांना? माणूस आहे तो, उशी नाही खोळीत कोंबायला."

"येतोय की श्वास," हे वाकल्या वाकल्या म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

मुलगी हसली. हसू तिचं गोड होतं, पण आपल्या म्हणण्यावरून ती तसूभर हलली नाही. "मावशी, कातडीवरचा घाम उचलून बाहेरच्या बाजूला न्यायचा, एवढंच काम आहे या कपड्याचं. कातडीला टेकलाच नाही तर उचलणार कसा?"

आता माझी पंचाईत अशी, की मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि माप घेतल्यावर चार बोटं जास्त धरायची, हे माझ्या हातात मुरलेलं आहे. आम्ही त्याला लूझिंग म्हणतो. माणूस बसतो, वाकतो, जेवतो, कपड्याला त्याची दखल घ्यावी लागते. घट्ट कपडा शिवणं म्हणजे शिंप्याचा आळस, असं मला शिकवणारीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि ही कालची पोर मला सांगत होती की घट्ट तेवढं चांगलं.

दुकानात यायची वेळ का आली, ते सांगते. आमचे हे मोटारसायकलवरून रक्ताचे नमुने नेतात. गावभर नमुने घ्यायची छोटी केंद्रं आहेत, तिथून काचेच्या नळ्या थंड पेटीत घालून मोठ्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. एका फेरीला चाळीस मिनिटं, त्याच्या वर गेलं तर काही तपासण्या बाद होतात आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते. बावीस वर्षांत यांनी कुणाला पुन्हा सुई टोचू दिलेली नाही. तिथली मंडळी यांना घड्याळकाका म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण यांना ते आवडतं.

पूर्वी अंगावर पातळ विंडचीटर असायचा आणि आत मी शिवलेलं सुती बनियन. यांच्यासाठी मी ते वेगळं बेतायची. पाठ दोन बोटं लांब, म्हणजे गाडीवर वाकलं तरी कंबर उघडी पडत नाही. वर्षाला चार. बावीस वर्षांत माझ्या बनियनाशिवाय हे घराबाहेर पडले नाहीत. मग गेल्या वर्षी कामावरून नवी जॅकेटं मिळाली. खांद्याला, कोपराला, पाठीला आत टणक तुकडे बसवलेले. पडलं तर हाड वाचतं, हे खरं. पण ते अंगात घालून भर दुपारी सिग्नलला उभं राहणं म्हणजे काय, ते जॅकेट वाटणाऱ्यांना कुठून कळणार!

तर दीड महिन्यापूर्वी एका सिग्नलला यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. यांनी गाडी नीट बाजूला घेतली, स्टँडवर लावली, फुटपाथवर बसले, पेटी मांडीवर घेतली आणि फोन केला, "कुणीतरी येऊन नमुने घेऊन जा. मी मागाहून येतो." नळ्या वेळेत पोचल्या. हे तासाभराने पोचले, रिक्षातून.

तिथे कामावरच्या लोकांसाठी एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी विचारलं, आत काय घालता? यांनी जॅकेट काढून दाखवलं. बाईंनी बनियनाचा कोपरा चिमटीत धरून पिळला तर पाण्याची धार लागली. त्या म्हणाल्या, "एवढ्या जाड जॅकेटच्या आत हे म्हणजे ओला टॉवेल गुंडाळून चुलीपुढे बसण्यासारखं आहे. घामाला वाट कुठे आहे?"

हे वाक्य यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं ऐकवलं. काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात, हे या माणसाला कळतच नाही, असं मला तेव्हा वाटलं.  पुढचे दोन दिवस मी मशीनवर बसले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

बाईंनी कागदावरच लिहून दिलं होतं. योग्य इनर घ्यायचा, महिनाभराने चाचणी. भर दुपारी सगळा पोशाख घालून पाऊण तास गाडी चालवायची, मग दहा मिनिटं बसायचं, मग अंगाचा ताप आणि नाडी बघणार. ताप अडतीसच्या आत आणि नाडी शंभरच्या आत हवी. नाहीतर गाडी बंद, निवृत्तीपर्यंत टेबलाचं काम. तोवरही टेबलच.

टेबलाचं काम म्हणजे नळ्यांवर लेबलं चिकटवायची. पगारात फरक नाही, दगदग नाही. माझ्या नणंदेने तर फोनवर "सुटला बिचारा!" असंच म्हटलं. पण गाडीवरून आले की हे तासभर बोलत असायचे. कुठला रस्ता खणलाय, कुठल्या केंद्रातल्या नर्सला मुलगी झाली, कोण मूर्ख कसा आडवा आला. टेबलावरून यायला लागले तेव्हापासून चपला काढायच्या, हात धुवायचे आणि बसून बोटांवरचा डिंक खरवडायचा. मी विचारलं, आज काय झालं, तर म्हणायचे, "काही नाही. टेबलाला काय होणार!" चार वर्षं राहिली आहेत यांची. चार वर्षं हा माणूस असा डिंक खरवडत बसला तर काय उरेल त्याचं, याची मला भीती वाटायची.

म्हणून आम्ही दुकानात होतो.

"हात द्या तुमचा," ती मुलगी मला म्हणाली. तिने इनर उलटा केला, त्याची शिवण माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासली. "टोचतंय?"

टोचत नव्हतं. शिवण आहे हेच कळत नव्हतं. मी तो कपडा तिच्या हातातून घेतला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. दोन कडा एकमेकींवर चढवून वरून सपाट टीप मारली होती, कुठे उंचवटा नाही, कुठे दोऱ्याची गाठ नाही. काखेत जिथे चार शिवणी एकत्र येऊन मुंढा काचतो, तिथे शिवणच ठेवली नव्हती, वेगळा तुकडा लावून ती पुढे सरकवली होती. ज्याने बेतला तो माणूस हुशार होता. माझ्या मशीनला अशी टीप मारता येत नाही. हे मी तिथे बोलून दाखवलं नाही.

मग तिने एक सुती रुमाल आणि तो इनर काउंटरवर शेजारी ठेवून दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. रुमालावर थेंब बसला तो बसलाच. इनरवर तो भराभर पसरला, आणि आम्ही दुसरे दोन कपडे बघून येईपर्यंत तिथे काही नव्हतं.

"काका, जॅकेटच्या छातीपाठीवरच्या या हवेच्या चेनी गाडीवर असताना उघड्या ठेवायच्या," तिने बजावलं. "इनर घाम बाहेर आणेल, पण पुढे वारा लागला तरच तो उडेल. आणि याच्या आत दुसरं काही घालायचं नाही. बनियन तर मुळीच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्हालाच सांगतेय हं."

म्हटलं, बरं.

आणि घरी येऊन मी काय केलं, ते आता ऐका.

हे सकाळी टेबलाच्या कामाला गेले की घर रिकामं. मी तो इनर घडीतून काढला. हाताला सुळसुळीत लागत होता, कापडासारखा नाहीच. मला वाटलं, यांची कातडी आधीच नाजूक, हे दिवसभर घासलं तर पुरळ उठेल. पाऊण तास उन्हात, आणि चाचणीच्या दिवशी अंग खाजायला लागलं तर? मी यांची दोन जुनी बनियनं काढली. शंभर वेळा धुऊन लोण्यासारखी झालेली. पाठीचा एक अख्खा तुकडा कापला आणि काखांसाठी दोन छोटे. खडूने आखून, कडा दुमडून, आतल्या बाजूने हाताने टाके घातले. मशीनची टीप मारली असती तर तो ताणणारा कपडा ओढला गेला असता, म्हणून हाताने. तीन दुपारी लागल्या. बाहेरून बघितलं तर काही दिसत नव्हतं.

बनियन घालू नका, असं ती मुलगी म्हणाली होती. मी बनियन कुठे घालत होते? मी अस्तर लावत होते. शिवणाऱ्या बाईला स्वतःची समजूत घालायला शब्द कमी पडत नाहीत. आज विचाराल तर खरं सांगते. बावीस वर्षं या माणसाच्या पाठीला माझं काम टेकलेलं होतं आणि ते एका दुकानातल्या कपड्याने एका दिवसात हटवलं, हे मला सोसवलं नाही. पुरळबिरळ नंतरचं.

चाचणीच्या सकाळी हे न्हाणीघरात कपडे बदलायला गेले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. बाहेर आले तेव्हा जॅकेट हातात होतं.

"बसलं नीट?" मी विचारलं.

"बसलं."

"काचत नाही ना कुठे?"

"नाही." यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "मऊ लागतंय."

मला इतका आनंद झाला की मी यांच्या जॅकेटची कॉलर उगाचच दोनदा नीट केली.

संध्याकाळी हे बसने आले. चपला काढल्या, हात धुतले. मी चहा ठेवला. विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून कपबशांचाच आवाज करत राहिले. शेवटी हेच म्हणाले, "नाही जमलं."

"म्हणजे?"

"ताप अडतीस पूर्णांक सहा. नाडी एकशे एकतीस." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "वय झालं गं. छप्पन्न म्हणजे काही कमी नाही."

आवाज अगदी शांत होता. पाऊस थांबल्याची बातमी सांगावी तसा. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना, मग झालं. आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी तो इनर धुतला. कोपऱ्यात वळकटी करून टाकला होता. पिळून दोरीवर घातला आणि भांडी घासायला गेले. भांडी घासून, ओटा पुसून परत आले तर बाह्या वाळल्या होत्या. पुढची बाजू वाळली होती. गळा वाळला होता. आणि पाठीवर मधोमध एक मोठा काळपट ओला तुकडा, काखांत दोन छोटे. खालच्या कडेने अजून थेंब टपकत होते.

तो आकार मी कुठेही ओळखला असता. माझ्याच खडूने आखला होता.

तशीच खाली फरशीवर बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घामाला वाट कुठे आहे. दुकानातल्या मुलीने वाट करून दिली होती, आणि मी तिच्यावर आतून ठिगळ लावून ती बुजवली होती. तेही इतक्या बारीक टाक्यांनी, की कुणाच्या नजरेला येऊ नये.

संध्याकाळी हे आल्या आल्या मी तो इनर यांच्यापुढे धरला. आतली बाजू बाहेर करून.

"तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

हे बोटांवरचा डिंक खरवडायला लागले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"कळलं होतं."

"कधी?"

"घालतानाच. काखेत हाताला लागलं. तुझे टाके मला ओळखता येणार नाहीत होय!"

"मग काढून का नाही टाकलंत? न्हाणीघरात ब्लेड होतं. सर्र करून उसवलं असतं."

हे डिंक खरवडत राहिले. "मागे त्या ओल्या टॉवेलचं तुला सांगितलं, तर दोन दिवस मशीनवर बसली नाहीस तू," म्हणाले. "म्हटलं, पाऊण तासाचा तर प्रश्न आहे. बावीस वर्षं निभलं, पाऊण तास निभेल."

म्हणजे माझं डोकं दुखत नव्हतं, हे या माणसाला तेव्हाच कळलं होतं. हे पोटात ठेवायचं शिकले, आणि शिकले ते असं!

"दुसऱ्यांदा चाचणी नसते का?" मी विचारलं.

"असते. पण पहिल्या वेळी काय बिघडलं त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. कागद भरून घेतात."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"वय."

मला राग आला. इतका, की हातातला इनर मी खुर्चीवर फेकला. "शहाणेच आहात! वय लिहिलंत म्हणजे दुसरी चाचणी कशाला देतील ते?"

"नाही देणार. मला ठाऊक आहे."

"आणि मग?"

"मग काय? टेबलाचं काम काही वाईट नाही. सावली आहे." वर न बघता हे म्हणाले, "पंखा आहे."

पंखा आहे, या दोन शब्दांनी माझा धीर सुटला. मी रडले. भांडताना रडायची मला सवय नाही, त्यामुळे हे घाबरले आणि पाणी घेऊन आले. मी पाणी प्यायले आणि तो इनर खुर्चीवरून उचलून पिशवीत घातला. माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी त्या दुकानाच्या दारात होते. मुलीने मला ओळखलं. मी पिशवीतून इनर काढून तिच्यापुढे उलटा केला. तिने पाहिलं, कपाळाला हात लावला. "मावशी! मी तुम्हालाच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस बाई. ऐकलं नाही. आता तसाच दुसरा दे. त्याच मापाचा."

तिने दिला. या वेळी मी तो हातातसुद्धा घेतला नाही. म्हटलं, परस्पर पिशवीत घाल.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. काचेच्या खिडकीमागे हे बसले होते, पुढ्यात नळ्यांचा स्टँड, हातात लेबलांची गुंडाळी. बावीस वर्षांत मी तिथे आत कधी गेले नव्हते. मला बघून हे उभेच राहिले. "तू इथे? काय झालं?"

"काही झालं नाही. डॉक्टरीणबाई कुठे बसतात?"

"अगं पण..."

"कुठे बसतात?"

दार उघडंच होतं. बाईंचं वय माझ्या मुलीएवढं असेल, चष्मा, पुढ्यात फायली. दाराशी पिण्याच्या पाण्याचा कूलर, तिथे तीन-चार जॅकेटवाले पाणी पीत उभे होते. त्यांना ऐकू जाणार होतं. जाऊ दे म्हटलं. मी टेबलावर तो अस्तर लावलेला इनर पसरला.

"मी घड्याळकाकांची बायको. शिवणकाम करते. परवाच्या चाचणीत यांच्या अंगात हा होता. याच्या आत हे जे सुती लावलंय ते मी लावलंय. यांनी तुम्हाला वय लिहून दिलं ना? वय छप्पन्न आहे ते खरं. पण अडतीस पूर्णांक सहा माझ्यामुळे झालं."

"डॉक्टर, हिचं काही मनावर घेऊ नका," हे मागून म्हणाले. धावत आल्यामुळे दम लागला होता. "हिला उगाच वाटतंय."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. कूलरपाशी कुणीतरी फस्सकन हसलं.

बाईंनी इनर उचलला, पाठीचं अस्तर दोन बोटांत धरून पाहिलं. मग चष्मा काढून यांच्याकडे बघितलं. "काका, हे असं होतं आणि तुम्ही पाऊण तास चालवलीत? मध्येच पडला असता म्हणजे?"

हे हातातली लेबलांची गुंडाळी उलटसुलट करत राहिले.

"नवा आणलाय का?" बाईंनी मला विचारलं. मी पिशवी पुढे केली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "बारा वाजतायत. आत्ताच बघू. पण काका, ही शेवटची. यातही आकडा वर गेला तर मग कसलंही कारण चालणार नाही."

हे कपडे बदलून, चाचणीच्या दिवसापासून तिथेच पडलेलं जॅकेट चढवून आले. मी जॅकेटच्या चेनी तेवढ्या उघडल्या, छातीच्या दोन आणि पाठीच्या दोन.  गाडी फाटकाबाहेर गेली.

पाऊण तास मी बाकावर बसले. एका जॅकेटवाल्याने मला पाणी आणून दिलं, म्हणाला, "मावशी, काकांना काही होत नाही." मी मान डोलावली. पण मनात आलं, आणि खरंच वयच असलं तर? आतापर्यंत यांच्याजवळ निदान एक पडदा होता. मी अस्तर लावलं म्हणून झालं, असं यांना मनातल्या मनात म्हणता आलं असतं. आज आकडा वर गेला तर तेही गेलं. कुणी न सांगता, न विचारता मी ते पणाला लावलं होतं. पिशवीचे बंद मी बोटाला इतके गुंडाळले की बोट पांढरं पडलं.

हे आले. गाडी लावली, हेल्मेट काढलं. चेहरा लाल होता. दहा मिनिटं खुर्चीत बसवलं. बाईंनी कानाला यंत्र लावलं, मग बोटाला. आकडा बघून त्यांनी पुन्हा लावलं. 

"सदतीस पूर्णांक चार," त्या म्हणाल्या. "नाडी ब्याण्णव."

कूलरपाशी टाळ्या वाजल्या. आमच्या यांना टाळ्याबिळ्या काही ऐकू आल्या नाहीत. खिडकीकडे मान वळवून यांनी विचारलं, "सव्वाच्या फेरीची पेटी कोण नेतंय?"

"तुम्हीच न्या," बाई म्हणाल्या. "पण आधी कागद. मागचं कारण खोडून खरं लिहा. फायलीत लागतं ते."

यांनी पेन घेतलं. वय या शब्दावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, कपड्यातला दोष.

"असं नाही चालणार, काका. कपड्यात दोष म्हटलं की ऑफिसातून त्या दुकानाला तक्रारीचं पत्र जाईल. दोष कुणाचा, ते लिहावं लागेल."

यांनी पेन खाली ठेवलं. "मग नाही लिहीत."

"अहो!"

"बायकोचं नाव कागदावर घालायचं? मी लेबलं चिकटवेन."

हट्टाला पेटले की यांना देवसुद्धा हलवू शकत नाही. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी कागद माझ्याकडे ओढला, यांनी लिहिलेलंही खोडलं आणि सावकाश लिहिलं. मूळ कपडा उत्तम आहे. दुकानाची चूक नाही, घालणाऱ्याची नाही. पाठीला आणि दोन्ही काखांत आतून सुती अस्तर लावल्यामुळे घाम अडला. अस्तर मी लावलं. आणि त्याखाली सही केली.

इतकी वर्षं शिवतेय, हजारभर माणसं माझे कपडे घालून लग्नांत, मुलाखतींना, कुठे कुठे गेली असतील. शिवणाऱ्याने सही करायची रीत नसते. माझ्या कामाखाली मी केलेली ही पहिली सही. अक्षरं सुटी सुटी आली.

हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. वाचून झालं तसे वळले. पेटी उचलली, पट्टा खांद्याला लावला, झाकणाची कडी दोनदा तपासली.

बाईंनी कागद वाचला, फायलीत लावला आणि मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं."

"शिवण बघा की तिची," हे दारातून म्हणाले आणि हेल्मेट डोक्यात घालून निघून गेले.

बाईंनी टेबलावरचा इनर जवळ ओढला आणि चष्मा कपाळावर सरकवून, कापड उजेडाकडे धरून माझे टाके बघायला लागल्या. बाहेर गाडी सुरू झाली. एक वाजून बारा मिनिटं झाली होती.